बोहणीचं लॉगिन

सेशन ४१७
वापरकर्ता: करुणा
यंत्र: काउंटर
सुरू: ९:१२
बंद: —

*

चिठ्ठीवर सात होता आणि पडद्यावर बारा.

किसनसिंग राठोडांनी चिठ्ठी खिडकीतून आत दिली नाही. दोन बोटांनी ती काचेवर दाबून धरली, म्हणजे आतल्या सगळ्यांना एकदमच वाचता यावी. हळद शिजवायच्या बॉयलरची पाळी: नाव, गाव, तारीख, नंबर सात. चिठ्ठी कंपनीचीच, शिक्का कंपनीचाच.

"सातवा नंबर तुमीच दिला. त्या अंदाजानं मी हळद खणली, ढीग लावून बसलो. आन बॉयलर आलं बाराव्याला. खालची सगळी कुजली. वरची डोळे काढून राहिली. आता ती शिजवू का परत लावू?"

खिडकीमागच्या दिपानं मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथं, बंद दारामागे, करुणा बसायची.

कुरुंद्याच्या शिवारातली शेतकऱ्यांची ही कंपनी. ट्रॅक्टरला जोडून शेतोशेत फिरणारं बॉयलर एकच, आणि फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यांना तेच हवं असतं. दिवसाला एक शेत, आणि प्रत्येक गावाचे नंबर वेगळे, एकपासून. खणलेली हळद फार थांबत नाही, म्हणून पाळीच्या नंबराला इथं मुहूर्तापेक्षा जास्त मान. तीन वर्षांपूर्वी नंबर वहीतून काढून संगणकात घातले, तेव्हापासून करुणा इथं आहे. गाव तिचं कनेरगाव नाका, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तालुक्याला भाड्याची खोली, तिथून रोज बस, आणि अकरा महिन्यांचा करार. करार मार्चअखेर संपणार होता.

तिनं डेटाबेस उघडला. पाळ्यांच्या तक्त्याला जोडून बदलांचा एक तक्ता तिनं स्वतःच ठेवला होता: जुना नंबर, नवा नंबर, वेळ, यंत्र, कोणी बदलला. किसनसिंगांची ओळ सापडली. सातचे बारा. वेळ दुपारी एक वाजून अकरा मिनिटं. यंत्र काउंटरचं.

कोणी बदलला: करुणा.

तिनं वर सरकवून पाहिलं. एकोणीस दिवसांत तीस बदल. तीसही ओळींच्या शेवटी तेच नाव. आपण कधीच न लिहिलेल्या पत्राखाली आपलीच सही दिसावी, तशी ती त्या नावाकडे बघत राहिली. एक क्षण तर तिला वाटलं, खरंच आपणच केलं असेल का? कामाच्या गर्दीत? मग तिला स्वतःचाच राग आला. तीस वेळा?

*

अहवाल, मसुदा पहिला
दि. १७, मंगळवार. पाळ्यांमध्ये अनधिकृत बदल झालेले आढळले. सदर बदल माझ्या लॉगिनमधून झाले असले तरी ते मी केलेले

*

"मॅडम, मी तुमच्यावर संशय घेऊन राहिलो असं समजू नका," तातेराव म्हणाले. ते कंपनीचे अध्यक्ष. समोर चहा दोन कपांत होता, पण करुणाच्या कपाकडे त्यांनी अजून हात दाखवला नव्हता.

"मग कोणावर घेऊन राहिलात, साहेब?"

"ते तुमीच सांगा ना. तुमचंच मशीन, तुमचाच तक्ता. सोमवारी बैठक हाय. किसनसिंगला बोलावलंय. नाव पाहिजे. दुसरं नाव न्हाई निघालं तर कागदावर जे हाय तेच धरावं लागन मला. आन कराराचं तर तुमाला माहीतच हाय."

"माझ्या नावानं काउंटर रोज का उघडलं जातं, हे तुम्हालाही माहीत आहे."

तातेरावांनी कपाची बशी गोल फिरवली. "ते वेगळं. ते बोहणीचं."

*

ते बोहणीचं असं.

पहिल्या वर्षी पहिली पाळी करुणानं लावली होती. त्या वर्षी बॉयलर एकदाही बंद पडलं नाही, कोणाची हळद बिघडली नाही, भांडण झालं नाही. दुसऱ्या वर्षी पहिल्याच दिवशी तातेराव स्वतः काउंटरवर येऊन म्हणाले, "मॅडमच्या हातची बोहणी पाहिजे. त्यांच्या हाताला गुण हाय." तेव्हापासून रोज सकाळी बसमधून उतरून ती आधी काउंटरच्या यंत्रावर स्वतःच्या नावानं शिरायची आणि मग आतल्या खोलीत जायची. नऊ बारा, नऊ तेरा. बोहणी झालेलं बंद करायचं नाही, म्हणून दिवसभर ते तसंच उघडं. दिपा त्याच्यावरच काम करायची. सुरुवातीला वीस मिनिटं हात लागला नाही की यंत्र आपोआप बाहेर काढायचं. त्याची कटकट झाली, तेव्हा करुणानंच ती वेळ काढून तिथं शून्य टाकलं.

हे चूक आहे हे तिला कळत होतं. या इमारतीत हे कळणारी ती एकटीच होती. पण एक गोष्ट ती कोणाला सांगत नसे: तिला ते आवडायचं. गुणाबिणावर तिचा विश्वास नव्हता, घरात कोणाचाच नव्हता. तरी सकाळी ती येईपर्यंत रांगेतली माणसं थांबून राहायची. तिच्या हातासाठी थांबायची.

आईला, कमलबाईंना, तिनं फोनवर हे सांगितलं होतं तेव्हा आई आधी खूप हसली.

"आपल्या हातची बोहणी? आपल्या? तुह्या आजीला त्यायच्या विहिरीवर हात लावू देत नव्हते." मागून एक ट्रक गेला, मग तिनं आवाज उतरवला. "पाह्य माय. एखांद्या दिशी इस्कटलं, तं तोच हात दाखवतीन."

*

बुधवारी ती ऑफिसात शिरली ती सगळ्यांकडे संशयानं बघतच.

बदलांच्या तक्त्यात एक गोष्ट साफ होती: तीसही बदल दुपारी एक ते दीडमधले. ती जेवणाची वेळ. करुणा तेव्हा आतल्या खोलीतच डबा खायची, दार लावून. सर्व्हरसाठी तिथं एसी होता आणि दार उघडं राहिलं की तातेराव विजेवरून बोलायचे.

"दिपा, एक ते दीड तू कुठं असतेस?"

"जेवायला. मागं, बाभळीखाली. काहून?"

"आणि खिडकी?"

"लावून जाते की."

"खोलीची किल्ली?"

"खिळ्याला." दिपानं डब्याचं घट्ट असलेलं झाकण पुन्हा घट्ट केलं. दोन लेकरांची आई, जवळच्याच तांड्यावरची. एरवी हिच्या तोंडाला विश्रांती नसायची. "ताई, नुकसान आमच्या तांड्यावरच्या माणसाचंच झालं ना? मग मी कशी करीन तसं?"

तू केलंस असं करुणानं म्हटलंच नव्हतं. विचारायच्या आधी आलेलं उत्तर तिनं मनात नीट ठेवून दिलं.

मग तातेराव. त्यांची स्वतःची चार एकर हळद याच बॉयलरवर होती. तीस ओळींत त्यांचं नाव कुठं नव्हतं. पण नसणं हेही चतुरपणाचं असू शकतं, असं तिच्या मनात आलं आणि ते आलं म्हणून तिला बरं वाटलं नाही.

पाणी भरायला ती बाहेर गेली तर व्हरांड्यातली चार माणसं बोलायची थांबली. फळ्यापाशी विश्वंभरकाका उभे होते. पुढच्या पाळ्या खडूनं फळ्यावर उतरवायचं काम त्यांचं. संगणक येण्याआधी सगळी वही त्यांच्याच हाती होती. आता उरला तो फळा. माऊसला हात लावायचा म्हटलं की ते म्हणायचे, "नको बाई, ते पळतं." त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, रोजच्यासारखी. आज तिला तीही मान जरा लवकर हलल्यासारखी वाटली.

*

बदलांचा तक्ता शेवट सांगतो. दार फोडलं, एवढंच. चोर आधी कुठल्या खिडकीत डोकावला, किती वेळ उभा राहिला, हे सांगत नाही. त्यासाठी सेशनच्या मागावर माणूस बसवावा लागतो. डेटाबेसला ते सांगता येतं: काउंटरवरून जो कोणी आत येईल, तो बाहेर पडेपर्यंत त्यानं जे जे विचारलं, जे जे बदललं, ते त्याच्याच शब्दांत, सेकंदासकट लिहून ठेव. ट्रेस म्हणतात त्याला. त्यानं यंत्र जरा मंदावतं, म्हणून एरवी लावत नाहीत.

बुधवारी साडेबाराला करुणानं ट्रेस लावला. कोणाला सांगितलं नाही. डबा उघडला, पण खाल्ला नाही.

*

सेशन ४१९. वापरकर्ता: करुणा. यंत्र: काउंटर.
१२:५८:४० शोध: मोबाइलचे शेवटचे आकडे = ४४१२
१२:५९:०२ पाळी नोंद = ३१
(शांतता, सहा मिनिटं)
१३:०५:१९ शोध: गाव. पूर्ण यादी.
(शांतता, एक मिनिट चाळीस सेकंद)
१३:०६:५९ बदल: पाळी = ०९
१३:०७:३३ बदल: पाळी = ०७
१३:०९:२० शोध: गाव. पूर्ण यादी.

*

गुरुवारी सकाळी तिनं हे कागदावर छापून घेतलं आणि पेन्सिलीनं खुणा करत वाचलं.

एकच सेशन, एकच नाव, पण आत माणसं दोन. हे शोधण्याच्या पद्धतीवरूनच दिसत होतं. दिपा शेतकऱ्याला मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांवरून शोधते. करुणा स्वतः सभासद क्रमांक टाकते. एक वाजल्यानंतर येणारा हा तिसरा मात्र नाव टाकतच नाही. तो गाव काढतो, अख्खी यादी समोर मांडतो आणि थांबतो. दीड मिनिट, दोन मिनिटं. काहीतरी ऐकत असल्यासारखा. मग दोन नंबर बदलतो, एक वर, एक खाली, आणि पुढच्या गावाकडे जातो.

जुने तीस बदल तिनं या नजरेनं पुन्हा लावून पाहिले. बारा जोड्या निघाल्या. नवाचा सात झाला की त्याच मिनिटात सातचा नऊ. नुसती अदलाबदल, रांगेतल्या बाकी कोणाला धक्का नाही. फक्त एका दिवशी सहा बदल एकदम. किसनसिंग सातावरून बाराला, आणि मागचे पाच जण एकेक पायरी पुढं.

बारा जोड्या आणि एक घोळका. हे करणाऱ्याला नियम होता आणि एक दिवस त्यानं तो मोडला होता. नियम असलेल्या चोराची तिला जास्त भीती वाटली.

आणि ते शून्य.

पाळ्यांच्या तक्त्यात नुसता ७ होता; आकडा साठवताना डेटाबेस पुढचं शून्य टाकून देतो. पण ट्रेसमध्ये माणसानं जे टाइप केलं तेच होतं: ०९. ०७. दिपानं लावलेल्या पाळ्यांत असं शून्य कुठंच नव्हतं, तिच्या स्वतःच्याही नाही. एखादा प्रोग्रॅम असेल का? सॉफ्टवेअर बनवून गेलेल्यांनी मागं सोडलेला? पण प्रोग्रॅम दीड मिनिट ऐकत बसत नाही.

दिपा दारातून डोकावली. करुणानं कागद पालथे घातले.

"ताई, चहा?"

"नको."

"कालपासून काहीच नको तुम्हाला," दिपा म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता गेली.

*

अहवाल, मसुदा दुसरा
दि. १९, गुरुवार. संशयित व्यक्ती काउंटरवरील कर्मचारी श्रीमती दिपा यांच्या अनुपस्थितीत, किंवा त्यांच्या संमतीने,

(हे वाक्य तिनं तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा "संमतीने"पाशी थांबली. शेवटी पान फाडलं आणि तुकडे पिशवीत घातले. कचऱ्याच्या टोपलीवर तिचा आता भरवसा नव्हता.)

*

शुक्रवारी संध्याकाळी बसला उशीर होता. व्हरांड्याच्या कठड्याला टेकून ती उभी होती. समोर फळा. तीन वर्षं रोज याच फळ्यासमोरून ती गेली होती.

पुढच्या पाळ्या
०७
०८
०९
१०

तिनं पिशवीचा बंद दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"काका," तिनं अगदी सहज विचारलं, "नंबराच्या पुढं शून्य कशाला लावता?"

विश्वंभरकाका हाताला लागलेला खडू धोतराला पुसत होते. "वहीची सवय हाय बाई. नुसता सात ठेवला, का पुढं एक काढून सतरा कराया कोणाला वेळ लागतो? शून्य ठेवलं म्हंजे दार लागलं." ते हसले. "आमच्या टायमाला लई लबाड माणसं व्हती."

बस आली. ती चढली. खिडकीतून तिला दिसलं, काका फळ्यावरचा दहा पुसून पुन्हा नीट काढत होते. माऊसला घाबरणारा माणूस. "ते पळतं." तीन वर्षं.

*

शनिवारी करुणा आतल्या खोलीत बसली, दार लावलं आणि ट्रेस डोळ्यांसमोर उघडा ठेवला. ओळी जशा लिहिल्या जात होत्या तशा दिसत होत्या.

१३:०२:०८ शोध: गाव. पूर्ण यादी.

आत्ता. दहा पावलांवर. भिंतीपलीकडं.

१३:०३:५१ बदल: पाळी = ०८

ती उठली. एसीचा गारवा मागं राहिला आणि व्हरांड्याचं ऊन एकदम अंगावर आलं. तिनं काउंटरच्या खोलीचं दार ढकललं. कडी लावलेली असेल असं धरून तिनं जोर लावला होता; दार नुसतं लोटलेलं होतं. ते भिंतीवर आपटलं.

विश्वंभरकाका दिपाच्या खुर्चीत बसले होते. चष्मा कपाळावर, उजव्या हाताचं एक बोट वर धरलेलं. खिडकी सताड उघडी. बाहेर दोन शेतकरी, आणि कठड्यावर कोपर टेकून पारुबाई, हळदीच्या कामावरच्या बायांच्या टोळीची मुकादम. हात कोपरापर्यंत पिवळे.

"आली बाई भायेर," पारुबाई म्हणाली. "आमी म्हणत होतो, मॅडमला त्या गार खोलीत दुधावानी ठेवलंय का काय, नासू नये म्हणून."

बाहेरचे दोघं हसले. काका वळलेही नाहीत. "एक मिनिट थांबा बाई. एक झालाय, दुसरा ऱ्हायलाय. न्हाईतर रांगेत दोन आठ व्हतील."

आणि तिच्यासमोर त्यांनी बोटानं शून्य दाबलं, मग नऊ दाबला.

करुणानं हातातले कागद टेबलावर ठेवले. गेले चार दिवस या क्षणी काय बोलायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. विचारलं मात्र साधंच.

"हे सगळे तुम्ही केलेत, काका? लपून?"

"केले मीच. पण लपून?" त्यांनी चष्मा खाली ओढून खिडकीबाहेर पाहिलं. "पारुबाई, आपून लपून ऱ्हायलो काय?"

"लपाया जागा कुठाय? खिडकी हाय ही," पारुबाई म्हणाली. "उभ्या शिवाराला ठाव हाय. तुमीच तेवढ्या दार लावून बसता."

"नंबर बदलायचा तर अर्ज करायचा, माझी आणि साहेबांची सही घ्यायची, असं ठरलं होतं."

"बॉयलर पेटलेलं आन मी अर्ज लिहू?" पारुबाईनं पिवळा पंजा उघड्या तावदानाच्या काचेवर ठेवला. "बाई, ऐका. तीस बाया हायेत माझ्या. खणलेली हळद मोडायची, मधला बंडा येगळा, बाजूची कांडी येगळी, बॉयलर भरायचं, शिजली का पसरायची. बाया नसल्या तर तुमचं बॉयलर नुसती वाफ सोडतं. तुमच्या मशीननं नंबर कसे दिले? ज्यानं आधी नाव घातलं त्याला आधी. आज ओढ्याच्या हिकडं, उद्या तिकडं, परवा फिरून हिकडं. तसं चाललो तर बाया टेम्पोतच म्हाताऱ्या व्हतील."

"पूर्वी वहीत ह्याच खिडकीतून व्हायचं," काका म्हणाले. "टोळी कुठून कुठं चालली ते पारुबाई सांगायची. दोन शेतकरी राजी असले का मी नंबर फिरवायचो. राजी नसले तर न्हाई. मशीन आलं, तुमी पहिल्याच बैठकीत म्हणल्या, नंबर म्हंजे नंबर. मी म्हणलं, बाईला कशाला तकलीफ. दिपाचं बघून बघून शिकलो."

बारा जोड्या. दीड मिनिटाची शांतता. ऐकणारा माणूस खरोखरच ऐकत होता.

तिच्या खांद्यावरचं काहीतरी सैल होऊ लागलं होतं. ते तिनं होऊ दिलं नाही. कागदांमधली एक ओळ तिनं बोटाखाली धरली.

"किसनसिंगही राजी होते?"

बाहेरच्या दोघांपैकी एक जण चपलेतला खडा काढायला खाली वाकला. पारुबाईनं काचेवरचा हात काढून घेतला. तिथं पंजाचा पिवळा ठसा राहिला.

"त्याला बाया लागत न्हाईत," ती म्हणाली. "घरचीच माणसं करतेत त्याची."

"मी ते विचारलं नाही."

काकांनी माऊस बाजूला सारला. "न्हाई," ते म्हणाले. "त्याला इचारलं न्हाई. पाच शेतं एका रांगेत आली व्हती, टोळीला एकदम सोपं. मधी हा एकटाच. वाटलं, निरोप धाडू." चष्मा काढून त्यांनी तो पुसला, पण परत घातला नाही. "न्हाई धाडला."

"आणि हे सगळं कोणाच्या नावावर पडलं, ठाऊक आहे?"

"माझ्या. अजून कोणाच्या?"

तिनं कागद त्यांच्याकडे वळवला. काकांनी चष्मा चढवला. ओठ हलवत वाचलं. पुढची ओळ वाचली, त्याच्या पुढची वाचली. पान उलटलं.

"हे काहून? तुमी तर आत व्हत्या."

"हे यंत्र सकाळी माझ्या नावानं उघडतं. दिवसभर त्याच्यावर जो बसेल, तो करुणाच."

"आन मी?"

"तुम्ही यात कुठंच नाही."

इतका वेळ बेफिकीर बसलेला म्हातारा पहिल्यांदा खुर्चीतून उठला. "पण मला वाटलं मशीनला कळतं," तो म्हणाला. "तुमीच सांगितलं व्हतं ना, मशीन सगळं लिहून ठेवतं, कोणी केलं ते बी? आधी सोसायटीची, मंग कंपनीची, बत्तीस वर्षं वही धरली बाई मी. एक खाडाखोड बिगरसहीची न्हाई. तांबडी शाई, सही, तारीख. इथं मला सहीची जागाच सापडंना, तर म्हणलं मशीन आपलंआपलं करत आसन."

"सोमवारी माझा करार जाणार आहे, काका. यावरून."

पारुबाई खिडकीपासून एक पाऊल मागं सरली.

काकांनी खिसा चाचपला. मग टेबलाचा खालचा, कधीच न उघडणारा खण जोर लावून ओढला. आत जुन्या वहीचा पुठ्ठा, गंजलेल्या टाचण्या आणि एक तांबडं पेन होतं. पेन उठत नव्हतं; त्यांनी ते तळहातावर घासलं, तोंडाजवळ नेऊन त्यात वाफ सोडली, पुन्हा घासलं. मग बसले आणि पहिल्या ओळीसमोर सही केली. तारीख घातली. दुसऱ्या ओळीसमोर. तिसऱ्या.

दीड वाजता दिपा जेवून आली, तेव्हा ते सोळाव्या ओळीवर होते. ती उंबऱ्यातच थांबली.

"ताई, मी सांगणार होते."

"कधी?"

"तुम्ही दार उघडल्यावर," दिपा म्हणाली.

*

सोमवारी सकाळी करुणा बसमधून उतरली आणि सरळ आत गेली. काउंटरचा पडदा नाव विचारत तसाच राहिला. रांगेतल्या कोणीतरी हाक मारली, "मॅडम, बोहणी?" तिनं ऐकलं नाही असं केलं.

अकरा वाजता तातेरावांच्या खोलीत करुणा, विश्वंभरकाका आणि किसनसिंग. तातेरावांनी कागद चाळले. तांबड्या सह्या बघून त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"झालं की मग. नाव निघालं. विश्वंभर, तुमी उद्यापासून नका येऊ. मॅडम, तुमच्याकडं काही ऱ्हायलं न्हाई. चहा घ्या." या वेळी त्यांनी कपाकडे हात दाखवला.

काका भिंतीला टेकून उभे होते. मान खाली.

चहा घेऊन गप्प बसता आलं असतं. करुणानं तो विचार पूर्ण होऊ दिला, म्हणजे तो नंतर परत यायला नको. मग तिनं पिशवीतून दुसरं पान काढलं.

"हे त्याला जोडून आहे."

त्यावर एकोणीस ओळी होत्या. प्रत्येक दिवसाची एक. सुरू ९:१२, वापरकर्ता करुणा. सुरू ९:१३, वापरकर्ता करुणा. सगळ्यांच्या वर एक जुनी ओळ: आपोआप बाहेर पडण्याची वेळ बदलून शून्य, कोणी बदलली: करुणा. प्रत्येक ओळीसमोर तिची सही, त्याच पेनातल्या तांबड्या शाईनं.

"हे कशाला?" तातेरावांनी डोळे बारीक केले. "त्याला वाचवून ऱ्हायल्या का? काय नातं काय तुमचं?"

"त्यांनी नंबर बदलले. माझं नाव मी उघडं ठेवलं होतं. एक पान धरायचं तर दुसरंही धरा."

"आन ही खाली रिकामी रेघ?"

"काउंटर माझ्या हातून उघडा, असं ज्यांनी सांगितलं त्यांच्यासाठी. नाव मी लिहिलेलं नाही."

तातेरावांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. पेन खिशात गेलं.

किसनसिंगांनी हात पुढं केला आणि दोन्ही पानं मागून घेतली. ते सावकाश वाचत होते, बोट ओळीखाली धरून. स्वतःच्या ओळीपाशी थांबले.

"हितं शाई फुटलीय."

"पेन टेकून ऱ्हायलं जरा," काका म्हणाले. "तुमाला इचाराया पाहिजे व्हतं, राठोड. ते माझं चुकलं."

"चुकलं, बराबर. माझी हळद काही उलटी ताजी व्हणार न्हाई." किसनसिंगांनी पानं टेबलावर ठेवली. "ओढ्यापल्याडचं वावर खणायचं बाकी हाय अजून. त्याचा नंबर सांगा. आन चिठ्ठीवर आता नुसता शिक्का नको मला. सही पाहिजे."

"कोणाची?" तातेरावांनी विचारलं.

किसनसिंगांनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, आठवडाभर करुणा जशी सगळ्यांकडे पाहत आली होती तसंच.

"जो नंबर टाकन त्याची. आन माझ्यासमोर टाका."

तातेराव उठले. "सीझन संपूस्तोर चालू द्या तुमचं दोघांचं," ते कोणाकडेच न बघता म्हणाले. "कराराचं मंग बघू." आणि चहा तिथंच ठेवून बाहेर गेले.

काउंटरच्या खोलीत दिपानं खुर्ची सोडली. करुणानं काकांसाठी नवं नाव तयार केलं, पासवर्ड त्यांच्या कानात सांगितला. तो दोनदा चुकला. खिडकीबाहेर पारुबाई म्हणाली, "बोट धरा कोणी त्यांचं," आणि तिसऱ्यांदा तो लागला. काकांनी गावाची यादी काढली. किसनसिंगांच्या ओढ्यापल्याडच्या वावराची पाळी सहावी होती; ज्याची चौथी होती तो शेतकरी रांगेतच उभा होता. त्याला विचारलं, पारुबाईला विचारलं, किसनसिंगांना विचारलं. दीड मिनिट गेलं असेल. दुपारी एकला अजून वेळ होता, दार उघडं होतं, आणि करुणा काकांच्या मागं उभी राहून पडद्याकडे बघत होती. अजूनही थोडी संशयानंच.

*

सेशन ४२६
वापरकर्ता: विश्वंभर
यंत्र: काउंटर
सुरू: ११:४१
११:४४:३० बदल: पाळी = ०४
११:४५:०२ बदल: पाळी = ०६
बंद: ११:४७